वालाची धुतलेली टरफलं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे सर्वांना मान्य आहे. पेणला सासूबाई शेजारणींना सांगतात, ती बोलत असली की बोलू द्यावं, थोड्या वेळानं आपणहून सगळ्यांना चहा टाकते. माहेरी असं काही सांगायची वेळच येत नाही. तिथे मी आवाज चढवला की सगळे गप्प बसतात, कारण मी घरातली शिकलेली. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते मला मान देतात. माणसं मानानं गप्प बसतात तशी धास्तीनंही बसतात, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. सांगतानाही लाज वाटते, पण सांगते.

मी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळी पेणहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. माहेर वाटेतच आहे. नागोठण्याला उतरायचं आणि मिनीडोअर रिक्षानं आत जायचं, की भातशेती संपता संपता आमचं घर. इतक्या जवळ माहेर असून मी महिना महिना जात नाही, तेव्हा जवळपणाचं कौतुक मला सांगू नये.

काम फ्युएल सेलचं. गावात कुणी विचारलं तर मी सांगते की ही एक बॅटरीच आहे, फक्त चार्ज करायची नसते, तिला गॅस पाजायचा असतो. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवेतला ऑक्सिजन. दोघांचं जमलं की वीज मिळते आणि शेवटी उरतं पाणी. धूर नाही, आवाज नाही. गोची एवढीच की ऑक्सिजन हा आळशी गडी आहे. त्याला कामाला लावायला मुकादम लागतो. त्या मुकादमाला आम्ही उत्प्रेरक म्हणतो आणि आजवरचा सगळ्यात चांगला मुकादम म्हणजे प्लॅटिनम. आता प्लॅटिनम घालून केलेली वीज आमच्या गावात कुणाच्या घरी पेटणार? म्हणून जगभरात माझ्यासारखे शेकडो लोक एकाच गोष्टीच्या मागे लागलेत. लोखंड, नायट्रोजन आणि कोळसा, या तीन फुकटच्या गोष्टी एकत्र भाजून प्लॅटिनमचं काम करवून घ्यायचं.

काम होतं. खोटं नाही सांगत, छान होतं. पण टिकत नाही. पहिल्या दिवशी हे लोखंडी मुकादम असा जोर लावतात की बघत राहावं. मग हळूहळू लोखंड जागा सोडतं, कोळसा आतून पोखरला जातो आणि पडद्यावरची विजेची रेघ उताराला लागते. आमच्या धंद्यात दोनच प्रश्न असतात, किती देतो आणि किती दिवस देतो. पहिल्याचं उत्तर झटकन मिळतं आणि पेपरात छापून येतं. दुसऱ्याचं उत्तर मिळायला महिने लागतात आणि ते ऐकायला कुणी थांबत नाही. मीही थांबले नव्हते.

सुरुवात पोपटीपासून झाली. थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मध्ये मध्ये खडे मीठ आणि ओवा, जमलं तर अंडी, बटाटे, मग पुन्हा पाला कोंबून तोंड घट्ट बंद. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गवऱ्या, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्रकन उडालं की झाली. मग सगळे गोल बसून शेंगा दातांनी ओढतात, दाणे खातात, टरफलाचं मीठ चोखतात आणि टरफलं मध्ये पेपरावर टाकतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी त्या ढिगाकडे बघत बसले होते आणि एकदम डोक्यात आलं, हे जे मडक्यात चाललं होतं ते मी रोज भट्टीत करते. हवा बंद करून भाजणं. आणि वाल म्हणजे कडधान्य, नायट्रोजन त्याच्या अंगातच. नारळाची करवंटी, भाताचं तूस, सगळं लोकांनी करून झालंय, पण वालाची टरफलं कुणी भाजल्याचं मी तरी कुठे वाचलं नव्हतं. मी तो ढीग पिशवीत भरला. भाऊ म्हणाला, आता आमचं उष्टं पण नेणार काय ही? सगळे हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, निदान धुऊन तरी ने. मी म्हटलं, राहू दे गं, आणि विसरूनही गेले.

ती टरफलं जाळून, लोखंडाचा क्षार मिसळून जे काही तयार झालं, त्यानं पहिल्याच दिवशी आम्हाला वेडं केलं. प्लॅटिनमच्या जवळ जाणारी वीज! आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, पुण्याचे, मोजून बोलणारे माणूस, तेसुद्धा टेबलावर हात आपटून गेले. काही दिवसांतच रेघ घसरली, अर्ध्यावर आली. सर म्हणाले, टिकाऊपणाचं नंतर बघू, आधी हे छापू. मी मान डोलावली. स्थानिक पेपरात बातमी आली, ‘वालाच्या टरफलातून वीज’. खाली माझा फोटो, डोळे अर्धवट मिटलेले.

ती बातमी आईनं पडवीतल्या खांबावर चिकटवली. आईला वाचता येत नाही, पण बोट कुठे ठेवायचं ते माहीत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे ती दाखवायची, हे माज्या लेकीचं आणि हे आपल्या वालाचं. वहिनीकडून मला हे कळायचं आणि मी चिडायचे. रेघ घसरलीय हे मला माहीत होतं ना! जिचं यश चार दिवसांचं, तिची बातमी वर्षभर खांबावर. मी एकदा आईला म्हटलंही, काढ तो कागद. तिला वाटलं, मी लाजतेय.

पुढच्या थंडीत मी आईला निरोप दिला की मला पुष्कळ टरफलं लागतील, गावात पोपटी होतील त्या सगळ्यांची. नुसता निरोप होता तो, पण तिनं तो उचलला कसा, तर लग्नघर असल्यासारखा. वाडीवाडीला सांगून ठेवलं. बायका सकाळी शेतावर जाताना आमच्या अंगणात पिशव्या ओतून जायच्या. भावानं चार गोणी भरल्या, त्यातल्या दोन मिनीडोअरनं रोह्याला पाठवल्या आणि दोन घरी ठेवल्या.

त्या टरफलांचा माल मी केला आणि सेलमध्ये लावला. वीज जेमतेम. पुन्हा केला, पुन्हा जेमतेम. भट्टी तपासली, गॅस तपासला, लोखंडाच्या क्षाराची बाटली बदलली. काही फरक नाही. सर आधी काळजीनं विचारायचे, मग वेगळ्या आवाजात विचारायला लागले. एकदा म्हणाले, मागच्या वेळी नमुन्यात प्लॅटिनमचा अंश चुकून मिसळला नव्हता ना? आमच्या धंद्यात याहून वाईट प्रश्न नाही. याचा अर्थ, तुम्ही एक तर गबाळे आहात नाही तर खोटारडे. मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, भांड्यांवर ओरडले, गाडीत शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीवर ओरडले.

अशात भावानं घोळ घातला. त्यानं मला न विचारता सरांना आणि आमच्या दोन सहकाऱ्यांना पोपटीचं आमंत्रण दिलं. हंगामातली शेवटची पोपटी, शेंगा निबर व्हायच्या आतली. सर आले. अंगणात चटई, मडकं फुटायच्या बेतात तापलेलं, गावातल्या बायका डोक्यावर पदर घेऊन पडवीत उभ्या. जिच्या लेकीचं पेपरात आलं तिच्या घरी साहेब आलेत, हे बघायला आलेल्या.

आई सरांना शेंगा वाढत होती. सरांनी सौजन्यानं म्हटलं, तुमच्यामुळे आमचं काम चाललंय हो. आईचा चेहरा असा फुलला! तिनं भावाला सांगून आतली गोणी बाहेर आणवली, तोंड सोडलं आणि मूठभर टरफलं सरांच्या पुढे धरली. स्वच्छ, फिकट, गवतासारखी. म्हणाली, बघा, एकपण घाण नाय. सगळी धुतलीत. विहिरीच्या पाण्यानं, हातानं चोळून, उन्हात वाळवून. लोकांच्या तोंडातलं उष्टं, ते तसंच कामाला कसं द्याचं?

मला क्षणात सगळं कळलं. मीठ गेलं, राख गेली. भाजताना त्याच मिठानं कोळशात बारीक बारीक भोकं पाडली होती, आणि भोकं जास्त तेवढा काम करायला पृष्ठभाग जास्त. म्हणून पहिला माल तसा निघाला होता आणि म्हणून हा असा. आठवडेच्या आठवडे मी स्वतःला आणि सगळ्यांना खात बसले होते, ते हिनं पोपटीची टरफलं विहिरीवर नेऊन चोळली म्हणून!

“तुला हा शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं?” मी ओरडले. “सगळं वाटोळं केलंस. वर्षभराचं काम पाण्यात घातलंस. काही कळत नाही तर हात कशाला घालायचा?”

हे मी सरांसमोर बोलले. पडवीतल्या सगळ्या बायकांसमोर बोलले. आईच्या हातातली मूठ तशीच पुढे होती. सर हसले, कदाचित प्रसंग निभावून न्यायला हसले असतील. म्हणाले, म्हणजे मीठच आपला हीरो म्हणायचा. सहकारीही हसले. मीसुद्धा हसले, सुटल्यासारखी, कारण माझ्यावरचा गबाळेपणाचा डाग गेला होता. आईनं मूठ परत गोणीत सोडली, पदराला हात पुसले आणि सरांना विचारलं, अंडं वाढू काय अजून?

त्या संध्याकाळी मी तिथल्या पेपरावरची टरफलं, न धुतलेली, मिठाची, पिशवीत भरून आणली. माल केला. वीज पुन्हा तशीच जोरदार. सर खूश. मी चहा पाजला सगळ्यांना.

मग वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की आईंनी बायकांना सांगितलंय, टरफलं आणू नका आता. का, म्हटलं, तर म्हणाली, त्या म्हणतात माज्या हातनं लेकीचं काम बिगडलं. खांबावरचा कागदही त्यांनी काढून ठेवलाय.   मी म्हटलं, बघते, येते एकदा. मी गेले नाही. पावसाळा आला, अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं, गाड्या बंद पडल्या, भात लागलं, गणपती आले. गणपतीत गेले तेव्हा आई नेहमीसारखीच होती. फक्त माझ्या कामाचं तिनं एकदाही विचारलं नाही. आधी ती पहिला प्रश्न तोच विचारायची, काय गो, वीज काय म्हणते? मला ते लक्षात आलं होतं. लक्षात आलं आणि बरंही वाटलं, की चला, तो विषय निघाला नाही.

दिवाळी झाल्यावर प्रयोगशाळेत नवीन यंत्र यायचं होतं, म्हणून कोपऱ्यातला जुना चाचणीचा स्टँड रिकामा करायला मी गेले. त्याच्यावर एक सेल लावलेला होता. धुतलेल्या टरफलांचा. तुलनेसाठी म्हणून कधीकाळी लावला आणि नंतर कुणाला त्याची पर्वा उरली नाही. ऑपरेटर फळ्यावर लिहिलंय म्हणून गॅसचे सिलिंडर बदलत राहिला होता. पावसात वीज जायची, जनरेटर सुरू व्हायचा, सेल पुन्हा चालू व्हायचा. मी बंद करायला बटणावर हात ठेवला आणि पडद्याकडे बघितलं.

रेघ आडवी होती. पहिल्या दिवशी जिथे होती जवळजवळ तिथेच. मला वाटलं, यंत्र अडकलंय. हायड्रोजनचा व्हॉल्व्ह बंद केला, तर रेघ धपकन पडली. उघडला, तर परत वर येऊन तिथेच बसली. यंत्र ठीक होतं. ज्या मालाला मी फुकट गेला म्हटलं होतं, तो उन्हाळा-पावसाळा काढून जागेवर उभा होता. आणि ज्याचा आम्ही उदोउदो केला होता तो मिठाचा माल त्याच काळात तीनदा बदलून झाला होता.

कारण मग हळूहळू लागलं. मिठानं पाडलेली ती भोकं कामाला चांगली, पण त्याच भोकांतून पाणी आत घुसतं आणि कोळसा आतून कुजतो. धुतलेला कोळसा घट्ट, त्याच्यात भोकं कमी, लोखंड धरून ठेवणारा. कमी देतो, पण देत राहतो. आता कुणी म्हणेल की आईला आतून ठाऊक होतं. काही ठाऊक नव्हतं. तिला उष्टं ठाऊक होतं. उष्टं देवाला नाही, पाहुण्याला नाही आणि लेकीच्या कामालाही नाही, एवढंच तिचं शास्त्र.

सर आले, रेघ बघितली, चष्मा काढून पुसला, परत बघितली. मग मला विचारलं की याला आपण वेगळं काय केलं होतं. मी म्हटलं, धुतलं होतं. ही कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं. पोपटीला ते स्वतः हजर होते, हसले होते, पण त्यांना आठवत नव्हतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, “आम्ही करून बघितलं.”

आम्ही! तोंडातून निघालं आणि कान तापले. दुरुस्त करायला तिथेच एक वाक्य पुरलं असतं, सर, माझ्या आईनं धुतली होती. ते वाक्य माझ्या तोंडी आलं नाही, कारण त्याच्या मागोमाग पोपटीची ती संध्याकाळ आली असती. सर म्हणाले, लिहून काढ, टरफलं पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली. आमच्याकडे असंच लिहितात. धुऊन वाळवली, भाजली, मिसळली. कुणी, ते लिहायची पद्धत नाही. मला ती पद्धत त्या दिवशी फार सोयीची वाटली, आणि रात्रभर मी तोंड उशीत घालून पडले होते.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. एका सेलवर कुणी विश्वास ठेवत नाही, तोच माल पुन्हा करून दाखवावा लागतो. पाणी कुठलं, किती वेळा धुतलं, किती चोळलं, वाळवलं किती, सगळं हवं. विहिरीच्या पाण्यात लोखंड असलं तर त्याचाही हिशेब हवा. आमच्याकडच्या गोणी संपलेल्या. नवीन शेंगांना अजून अवकाश, वाल तर शेतात नुकता उगवून वर येत होता. पण घरी राहिलेल्या दोन गोणी होत्या. म्हणजे मला माहेरी जायलाच हवं होतं. जे मी आईसाठी केलं नव्हतं, ते कामासाठी करायला निघाले, हेही लिहून ठेवते.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं गेले. थंडी पडली होती, मिनीडोअरमध्ये वारा लागून दात वाजत होते. आईला वहिनीनं सांगून ठेवलं होतं मी येतेय म्हणून. दारात पाय ठेवायच्या आत आई म्हणाली की पाणी तापलंय, आधी अंघोळ कर, मग बोल. मी बोलायचं ठरवूनच आले होते, पण अंघोळ आधी, हे बरंच वाटलं. कढत पाणी, न्हाणीत धुराचा ओळखीचा वास, बाहेरच्या चुलीवर अजून एक हंडा. कितीतरी दिवसांनी मी पोटभर अंघोळ केली. अंगावर तांब्यामागून तांबे घेत मनात वाक्यं जुळवत होते, आधी काय बोलायचं, मग काय.

केस पुसत चुलीपाशी आले. आई फुंकणीनं निखारे सारखे करत होती. मनात जुळवलेल्यातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही. मी विचारलं, आई, त्या दोन गोणी कुठायत गं, टरफलांच्या?

तिनं फुंकणी खाली ठेवली. म्हणाली, त्या संपल्या. थंडी सुरू झाल्यापासून चुलीला लावते. तुज्या कामाच्या नव्हत्याच ना त्या. शेवटची होती ती आज तुज्या पाण्याखाली घातली.

मी चुलीकडे बघितलं. राखेत एक-दोन टरफलं अजून आकार धरून होती, पांढरी. माझ्या केसांतून त्याच धुराचा वास येत होता. ज्याच्यासाठी मी आले होते त्याच्यावर मी नुकतीच अंघोळ केली होती, आणि मजेत केली होती. मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर.

मग मी विचारलं की तू ती कशी धुतली होतीस. किती पाण्यांनी? माझा आवाज साधा होता, मी शपथेवर सांगते. पण आईचे खांदे आकसले. ती माझ्याकडे न बघता घाईघाईनं बोलायला लागली.

“जास्त नाय गो धुतली. नुसतं वरवर पाणी फिरवलं. चोळली पण नाय.”

मला आधी कळेना, ही असं का म्हणतेय. सरांना तर तिनं कौतुकानं सांगितलं होतं, हातानं चोळून म्हणून. आणि मग कळलं. ती खोटं बोलत होती. पासष्टीची माझी आई, जी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून कुणाला सोडत नाही, ती माझ्यापुढे गुन्हा कमी करून सांगत होती. मला घाबरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच, ओल्या केसांनी, चुलीसमोर मी खाली बसले.

मग सांगितलं. कसंबसं सांगितलं, रेघ आडवी राहिल्याचं, मिठाचा माल कुजल्याचं, पावसाळाभर तो सेल एकटा चालत राहिल्याचं. रेघ म्हणजे काय ते तिला कळलं नसणार. मी म्हटलं, तू धुतलीस म्हणून टिकलं. मी मूर्ख, मला कळलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा तुझं नावसुद्धा घेतलं नाही मी. माफ कर म्हणता म्हणता मी रडायला लागले आणि तिचा पदर धरून बसले, लहानपणी धरायचे तशी. तिचं लक्ष माझ्या रडण्याकडे नव्हतंच.

“म्हंजे माज्या हातनं बिगडलं नव्हतं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“खरं?”

“खरं, आई.”

ती उठली. मला वाटलं, पाणी द्यायला उठली. ती सरळ अंगणात गेली, कुंपणापाशी, आणि पलीकडे भांडी घासत बसलेल्या काकूंना हाक मारली. या काकू त्या संध्याकाळी पडवीत सगळ्यात पुढे उभ्या होत्या. आईनं त्यांना मोठ्यानं सांगितलं की टरफलं माज्या हातनं बिगडली नव्हती, ही बघा सांगाय आलेय. आणि मग वळून माझ्याकडे बघत राहिली, मी बोलावं म्हणून. मी आत, चुलीच्या आडोशाला माफी मागितली होती. ओरडले होते ते मात्र अंगणात. मी केसांना टॉवेल गुंडाळलेला, तशीच बाहेर गेले आणि कुंपणाशी उभं राहून काकूंना म्हटलं, व्हय काकू, आईनं धुतली म्हणूनच काम झालं. माझंच चुकलं होतं.

काकूंनी हातातलं पातेलं पालथं घातलं. त्यांना काही आठवेना. मग आठवलं तशा हसल्या आणि म्हणाल्या, अगो, ते कवाचं! आमी कवाच इसरलो.

“तुमी इसरलात,” आई म्हणाली. “मी नाय इसरले.”

एवढं बोलून ती आत गेली आणि चुलीत फुंकणी घालून परत फुंकायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघताच, ती म्हणाली की तीन पाण्यांनी धुतली होती, तांदूळ धुते तशी, आणि तिसरं पाणी नितळ निघेपर्यंत चोळली होती.